मामाचा ‘थ’

आमच्या घरात नवीन वर्ष स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर सुरू होतं. दाराच्या आतल्या बाजूला, जिथं इतर लोक गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवतात, तिथं आम्ही खडूनं वर्षाचा शब्द लिहितो. प्रत्येकाचा एक. चहा-साखरेचे डबे काढताना तो रोज डोळ्यांसमोर यावा आणि माणसाला जरा वळण लागावं, अशी आईची योजना. नियम असा की शब्द आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचा आणि मगच लिहायचा. वर्ष संपेपर्यंत पुसायचा नाही.

आई दर वर्षी ‘शिस्त’ म्हणते. म्हणताना आमच्याकडे बघते, म्हणजे शब्द तिचा आणि पाळायचा आम्ही. बाबा ‘शांतता’ म्हणतात, तेही इतक्या हळू की आईला ओरडून सांगावं लागतं, मोठ्यानं म्हणा. माझा शब्द एका वर्षी घरच्यांनी परस्पर ठरवला: ‘मौन’. तो मी चहा होईपर्यंत पाळला. चहा पिताना मुख्याध्यापिकाबाई कशा फुंकर घालून पितात ते दाखवल्याशिवाय राहवलं नाही. बाबा मला रेडिओ म्हणतात ते उगीच नाही.

आणि मामा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमच्याकडेच राहतो, लग्न केलेलं नाही, आणि जड सामान हलवणाऱ्या टोळीत काम करतो. तिजोऱ्या, यंत्रं, चार माणसं झोपतील एवढी कपाटं, जे कुणालाच हलत नाही ते यांच्याकडे येतं. अंगानं दाराएवढा, हात पाट्यासारखे, पण बोलताना अडखळतो. शब्दाच्या सुरुवातीलाच गाडी अडकते. टोळीत त्याचं नाव ‘हप्ता’, कारण एक वाक्य तो हप्त्याहप्त्यानं देतो. मामाला ते नाव आवडतं. निदान पूर्ण रक्कम मिळते हे त्यांना ठाऊक आहे, असं तो म्हणतो.

मी सगळ्यांच्या नकला करते आणि त्याची करत नाही, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो रागावला होता. मग काय, केली. लोक करतात तशी, ‘बा-बा-बा-बा’ अशी. मामानं मान हलवली आणि मार्क द्यावेत तसं सांगितलं की खोटं आहे, नीट ऐक. मी ऐकायला लागले. तेव्हा कळलं की मामाचं अडखळणं म्हणजे एकच अक्षर पुन्हा पुन्हा नव्हेच. आधी ओठांवर किंवा दातांमागं शब्द येऊन उभा राहतो. आतून कुणीतरी दार दाबून धरल्यासारखा. मामाची हनुवटी किंचित वर जाते, डोळे समोरच्याच्या खांद्यावर टेकतात, आणि एका क्षणी दार उघडतं. मग शब्द असा काही बाहेर पडतो की जणू तिथंच राहत होता.

पण हे ऐकायला थांबतो कोण? सगळ्या जगाला मामाचे शब्द पूर्ण करायची घाई. कोपऱ्यावरचा दुकानदार तर यात पटाईत. मामाला पाठीसाठी बाम हवा होता. मामा ‘बा’ वर उभा. दुकानदार म्हणाला, बादली? आणि मामा बिचारा मान हलवेपर्यंत त्यानं ती काढून समोर ठेवलीसुद्धा. आता हिला नाही म्हणायचं म्हणजे ‘न’ आला, आणि मामाचा ‘न’ सुद्धा काही सरळ नाही. मामा बादली घेऊन घरी आला. आईनं विचारलं, ही काय पाठीला चोळणार आहेस? गाजरं आणायला गेला की गाळणी घेऊन यायचा. आजही आमच्याकडे गाळण्या इतक्या आहेत की पाहुण्यांना वाटतं आम्ही त्या विकतो.

आई तर दुकानदाराच्याही पुढची. ती मामाचा शब्द पूर्ण करते, मग वाक्य पूर्ण करते आणि मग त्याचं उत्तरही देऊन टाकते. मामानं तोंड उघडावं तोवर संभाषण संपलेलं असतं. तिच्या मनात वाईट काहीच नसतं. लहानपणी शाळेत त्याला उभं केलं की ती पुढच्या वर्गातून धावत यायची म्हणे, त्याच्या वतीनं बोलायला. ती अजून धावतेच आहे.

तर, वर्षाचा शब्द. ‘संयम’, ‘कष्ट’ असले शब्द मामानं कधी घेतले नाहीत. त्याची पद्धत वेगळी. सरत्या वर्षात ज्या शब्दानं त्याला सगळ्यात जास्त छळलं, तोच तो पुढच्या वर्षासाठी घेतो. आणि तो त्याला म्हणता येत नाही म्हणूनच तर घेतलेला, त्यामुळे मोठ्यानं म्हणायचा नियम त्याच्या बाबतीत आईनं स्वतःकडे घेतला. मामा नुसता खडूनं लिहायचा, आई वाचून दाखवायची.

पहिल्या वर्षी त्यानं लिहिलं, ‘बटाटा’.

आईनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. शब्द कसा वर्षभर वाट दाखवणारा हवा, बटाटा कुठली वाट दाखवणार?

मामाची हनुवटी वर गेली. “भ… भाजीवाल्याची,” तो म्हणाला.

बाबांना चहाचा ठसका लागला.

वर्षभर मामा बटाट्याच्या मागे होता. अंघोळ करताना बटाटा, जिना चढताना बटाटा. वर्ष संपता संपता आम्ही दोघं बाजारात गेलो. मामा भाजीवाल्यासमोर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, बटाटे द्या. एकाही खाचखळग्याशिवाय! मी भाजीवाल्याकडे बघत राहिले, आता हा काय म्हणतो म्हणून. तो म्हणाला, पिशवी आणलीय का? एवढंच. आम्ही ते बटाटे घरी असे आणले जसा कुणी कप जिंकून आणतो. पुढे कळलं की बटाटा मोकळा झाला तसा टोमॅटो अडकायला लागला. अडखळणं कुठं गेलं नव्हतं, शेजारी राहायला गेलं होतं. मामाला त्याचं काही नाही. पुढच्या वर्षी त्यानं टोमॅटो घेतला.

मागच्या नवीन वर्षाला मात्र मामानं भाजी सोडली. कपाटाच्या दारावर लिहिलं, ‘थांबा’.

आईनं वाचलं आणि सुरू झाली. वर्षाच्या पहिल्याच दिवशी थांबा? नोकरीत तू थांबलेला, लग्नाचं थांबलेलं, आता आणखी काय थांबवायचंय? मामानं हाताचा खडू झटकला. संध्याकाळी गच्चीत मला त्यानं सांगितलं, हप्त्याहप्त्यानं, आणि मी पहिल्यांदाच मधे तोंड घातलं नाही, कारण गोष्ट मोठी होती.

त्यांच्या टोळीत एकाचा आवाज चालतो. टोळीत म्हणतातच तसं, ‘आज आवाज कुणाचा?’ जिन्यावरून तिजोरी उतरते तेव्हा वरचे लोक दोर धरून असतात, खालचे खांदा लावून. वरच्यांना खालचे दिसत नाहीत, खालच्यांना वरचे दिसत नाहीत. मधल्या वळणावर उभा असलेला एकच माणूस दोघांना बघतो, आणि सगळे त्याच्या आवाजावर चालतात. धरा, उचला, चला, थांबा. एवढेच शब्द, आणि त्यांच्या जागी दुसरे चालत नाहीत. मी विचारलं, ‘थांबा’ नाही जमत तर ‘बास’ म्हण की. मामानं मान हलवली. ओझ्याखाली माणूस अर्थ लावत बसत नाही, त्याचे पाय शब्द ओळखतात. मग शिट्टी? रस्त्यावर कुणीही शिट्टी वाजवतं. कुणाच्याही शिट्टीवर टोळी थांबायला लागली तर झालंच.

आजवर हा आवाज होता भोंग्याचा. भोंगा म्हणजे टोळीतला सगळ्यात जुना माणूस. त्यानं ‘उचला’ म्हटलं की शेजारच्या इमारतीतले लोकसुद्धा काहीतरी उचलायचे. पण ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, तो बसलाच. डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं कमी करा. आता तो बोलतो तेव्हा सायकलच्या चाकातून हवा जाते तसं ऐकू येतं. त्याच्या जागी कुणीतरी हवा होता आणि मामाला ती जागा हवी होती. वळणावर उभं राहून दोन्हीकडचं बघणं त्याला कितीतरी वर्षं जमत होतं. तीन शब्दही जमत होते. अडत होतं ते ‘थांबा’वर. आणि न थांबणारी टोळी म्हणजे काय हे त्याला मला सांगावं लागलं नाही.

“हे न… नाही जमलं,” तो म्हणाला, “तर मी आयुष्यभर खांदाच लावणार.”

मग काय, वर्षभर ‘थांबा’. आरशासमोर, नळाखाली, उशीत तोंड घालून. एकदा बसथांब्यावर उभा राहून म्हणत होता, समोरून बस आली, आणि नेमका तेव्हाच शब्द खणखणीत सुटला. चालकानं करकचून बस थांबवली, दार उघडलं. आता एवढ्या आदरानं थांबवलेल्या बसला नको कसं म्हणायचं? मामा चढला. गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, तिथून चालत, घामाघूम होऊन घरी आला, आणि तोंडावर असं हसू की आईला वाटलं, यानं कुणी मुलगी पसंत केली.

तरीही शब्दाचं काही खरं नव्हतं. कधी सुटायचा, कधी नाही. वर्ष संपत आलं आणि टोळीच्या मालकांनी शेवटचं सांगितलं. मालक प्रत्येक वाक्य ‘बघू’नं संपवतात. एका शाळेचा पियानो पहिल्या मजल्यावरून खाली सभागृहात आणायचाय, त्या दिवशी हप्त्याला उभा करू, बघू. भोंगा शेजारी शिट्टी घेऊन उभा राहील. हा अडकला तर भोंगा शिट्टी मारेल, तेवढ्यापुरती तीच चालवू. शिट्टी वाजली की विषय संपला, दुसरा माणूस बघू.

शाळा कुठली, तर माझीच. मामानं हे मला आदल्या दिवशी जेवताना सांगितलं आणि माझा घास तसाच हातात राहिला.

सकाळी पियानो उतरायला लागला तेव्हा अर्धी शाळा खालच्या व्हरांड्यात. मुख्याध्यापिकाबाई आम्हाला त्यांच्या नेहमीच्या सुरात सांगत होत्या की शांतता म्हणजे शां-त-ता. जिन्यावर फळ्या टाकलेल्या. वर दोर धरून चौघं. खाली पियानोला खांदा लावून पैलवान आणि आणखी एक. पैलवान हे टोळीतल्या सगळ्यात काटकुळ्या माणसाचं नाव, पण त्याच्या खांद्यात काय आहे देव जाणे. वळणावर मामा. त्याच्या बाजूला भोंगा, ओठांत शिट्टी. खाली मालक, हाताची घडी घालून, चेहऱ्यावर ‘बघू’.

“धरा,” मामा म्हणाला. “उचला. चला.”

काय सांगू, माझ्या मामाचा आवाज मला तोपर्यंत माहीतच नव्हता. घरात त्याला पूर्ण वापरायला मिळतोय कुठं? भोंग्यासारखा मोठा नाही, पण जाड, सतरंजीसारखा जमिनीवर पसरणारा. पियानो एकेक पायरी उतरत होता आणि प्रत्येक पायरीला त्याच्या पोटातल्या तारा गुरगुरत होत्या. माझ्या शेजारची कुजबुजली, तो कोण गं? मी म्हटलं, माझा मामा. एवढंच म्हटलं, पुढचं पोटात ठेवलं.

पियानो वळणाच्या खालच्या पायऱ्यांवर आला आणि एका फळीचं टोक पायरीवरून सरकलं. मला दिसलं कारण मी मामाचे डोळे बघत होते. ते पैलवानाच्या खांद्यावरून फळीवर गेले. आणखी एक पाऊल, की सगळा पियानो पैलवानावर.

मामाची हनुवटी वर गेली.

“थ…”

आणि दार बंद.

व्हरांड्यात कुणीतरी हसलं. आणि आमचे खेळाचे सर, मनानं चांगले, पण मदत करायची फार हौस, त्यांनी ओळखलंच की माणसाला काय म्हणायचंय. ते हात उंचावून ओरडले, “थोडं पुढं! हां, थोडं पुढं घ्या!”

बादली. मला बादलीच आठवली.

पण टोळी हलली नाही. वरच्यांचे दोर ताठ, खाली पैलवानाचे पाय पायरीत रुतल्यासारखे. सरांच्या ‘थोडं’वर नाही, कुणाच्याही कशावर नाही. ते ‘थ’वरच थांबले होते. ‘थ’ नुसता दातांमागं आला तेव्हाच. मी वर भोंग्याकडे पाहिलं. त्यानं शिट्टी तोंडातून काढली आणि खिशात टाकली.

“कुणी मधे बोलू नका,” तो आपल्या हवा गेलेल्या आवाजात म्हणाला, आणि एवढ्या मोठ्या जिन्यात तो कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत ऐकू गेला. “आम्ही थांबलोय. त्याचा शब्द तो पुरा करेल.”

आणि सगळे वाट बघत राहिले. पियानोचं ओझं अंगावर घेऊन. पैलवानाच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला, तिथं लोंबकळला, त्यानं तो पुसला नाही. सरांचा हात वरच राहिला होता, तो त्यांनी हळूच खाली घेतला. मुख्याध्यापिकाबाईंना हवी होती ती शां-त-ता पहिल्यांदाच झाली. मामाला आता तो शब्द म्हणायची गरजच नव्हती, काम तर झालेलं. पण वर्षभर सांभाळलेला शब्द तो असा जिन्यात टाकून जाणार होता होय? तो उभा राहिला. दार आतून दाबलेलं, आणि मामा त्याला खांदा लावून.

“…थांबा,” मामा म्हणाला.

सबंध. जाड. शेवटच्या ‘आ’सकट.

“थांबलो,” वरून उत्तर आलं. “थांबलो,” खालून पैलवान म्हणाला, आणि मग नाकावरचा थेंब खांद्याला पुसला.

फळी नीट बसवली. धरा, उचला, चला. पियानो सभागृहात गेला आणि टेकला तेव्हा त्याच्या पोटातून एक लांब सूर निघाला, जेवण झाल्यावर बाबांचा निघतो तसा.

नंतर पाणी पिताना मी पैलवानाला गाठलं. मला कळेना, शब्द तर आलाच नव्हता, हे थांबले कसे? तो हसायला लागला. तुझ्या मामानं वर्षभर जेवणाच्या सुट्टीत आम्हाला रिकामी कपाटं उचलायला लावलीत, म्हणाला. पोटात घास जायच्या आत त्याचं सुरू, धरा, उचला, चला. त्याचा ‘थ’ आता आमच्या पायांना कळतो. भोंगा ‘थांबा’ म्हणायचा तेव्हा शब्द संपेपर्यंत अर्धं पाऊल पुढं पडायचं. याचा नुसता ‘थ’ आला की पाय रोवले जातात, उलट लवकर. घरी हे मामा एका शब्दानं बोलला नव्हता. आम्हाला वाटत होतं, तो एकटाच आरशाशी झगडतोय.

मालक आले. मामाकडे बघितलं, भोंग्याकडे बघितलं. “उद्यापासून आवाज तुझा,” म्हणाले, आणि शेवटी ‘बघू’ म्हणालेच नाहीत.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मधल्या सुट्टीत वर्गानं फर्माईश केली, तुझ्या मामाची नक्कल कर. मी बाकावर उभी राहिले. हनुवटी वर, डोळे समोरच्याच्या खांद्यावर. “थ…” म्हटलं आणि दार दाबून धरलं. एरवी माझी नक्कल सुरू झाली की वर्ग पहिल्या अक्षराला फुटतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सकाळी हसलेलीसुद्धा पाय रोवून बसली होती. शब्द पूर्ण झाला तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आलं, थांबलो! संध्याकाळी मी मामाला ती करून दाखवली. त्यानं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, आता जमली.

त्यानंतर लगेचच नवीन वर्ष आलं. सकाळी कपाटाचं दार उघडलं, आईनं ओल्या फडक्यानं जुने शब्द पुसले. ‘थांबा’ पुसताना तिचा हात जरा रेंगाळला. गॅसवर दूध ठेवलेलं. बाबा ‘शांतता’ म्हणाले, आई म्हणाली मोठ्यानं म्हणा, ते पुन्हा म्हणाले. माझा शब्द यंदा मी ठरवला, ‘कान’, आणि तो मला कुणी सुचवलेला नाही. मग आईची पाळी. आम्ही ‘शिस्त’ ऐकायच्या तयारीत होतो.

आई म्हणाली, “थांबा. यंदा तो मी घेते.”

तिनं खडूनं लिहिला आणि खुर्चीत येऊन बसली, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. आता मामा. त्यानं सवयीनं खडू उचलला, लिहायला दाराकडे वळला, आणि आईकडे बघून थबकला. तिनं मान हलवली. आधी म्हणायचा.

मामानं खडू खाली ठेवला. हनुवटी वर गेली.

“भ…”

मला वाटलं भेंडी. बाबांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, भोपळा. आईच्या ओठांवर तर शब्द येऊन उभा होता, मला दिसत होता, पण तिनं ओठ घट्ट मिटले आणि हात आणखी आत दाबले. गॅसवर दूध वर यायला लागलं. कडेला आलं. फेस काठावर फुगला. आईनं पाहिलं, बाबांनी पाहिलं, मी पाहिलं.

दूध उतू गेलं. आमच्यातलं कुणीही हललं नाही.

“…भोपळा,” मामा म्हणाला, आणि मगच आई गॅस बंद करायला उठली.